चर्चच्या संवर्धनसंस्थेत काम करावं का, आणि जगाच्या पातळीवर त्या कामाचं वजन किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या तरुणाचं पर्यावरणशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण नुकतंच संपलंय आणि एका ख्रिस्ती संवर्धनसंस्थेने त्याला दोन वर्षांच्या क्षेत्रकामासाठी बोलावलंय. तो स्वतः ख्रिस्ती नाही. त्याला दोन शंका आहेत. हे खरोखर निसर्गसंवर्धन आहे, की धर्मप्रसाराला दिलेला हिरवा मुलामा? आणि खरं असलंच, तरी कुठे एखादी पाणथळ जागा, कुठे चार-पाच हेक्टर जंगल, एवढ्याने जागतिक शाश्वत विकासात कितीशी भर पडणार?

मी गेली बावीस वर्षं लोकसहभागाच्या संवर्धन प्रकल्पांचं मूल्यमापन करते. निधी देणारे मला पाठवतात. मी झाडं मोजते, वह्या तपासते, आणि प्रकल्पाच्या लोकांना जरा लांब पाठवून गावकऱ्यांशी बोलते. सरकारी, निधर्मी आणि चर्चची अशी तिन्ही प्रकारची कामं मी जवळून पाहिली आहेत. मीही ख्रिस्ती नाही, त्यामुळे तुमची पहिली शंका मला परकी वाटत नाही. सुरुवातीला मीही तीच घेऊन गेले होते.

तुमच्या दोन शंकांच्या तळाशी मला एकच प्रश्न दिसतो: श्रद्धेमुळे संवर्धनाच्या कामात असं काय येतं, जे एरवी आलं नसतं? ते कळलं की मुलामा कोणता आणि काम कोणतं, हे ओळखायला जड जात नाही.

आधी हे सांगते की उत्तर बरंचसं संस्थेवर अवलंबून आहे. ‘ख्रिस्ती संवर्धन’ नावाची एकच एक गोष्ट नाही. आ रोशा ही १९८३ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेली संस्था मुळात पक्षीनिरीक्षणातून, अल्व्होरच्या खाडीकाठच्या अभ्यासकेंद्रातून वाढली. तिथे शास्त्रीय नोंदी हेच रोजचं काम. वर्ल्ड व्हिजनसारखी संस्था मदतकार्यातून शेती आणि जंगलाकडे आली. एखाद्या धर्मप्रांताकडे, म्हणजे बिशपच्या कारभाराखालच्या प्रदेशाकडे, पिढीजात जमीन असते आणि तिचं काय करायचं, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न असतो. आणि एखादी छोटी मंडळी, म्हणजे एका चर्चचा स्थानिक समुदाय, फक्त आपल्या गावचा झरा राखत असते. या चौघांना एकच फूटपट्टी लावता येत नाही.

विचारांच्या बाजूबद्दल फार लिहीत नाही, पण थोडं लिहायला हवं, कारण क्षेत्रावर गेलात की ही भाषा कानावर पडणारच. १९६७ मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेलाच पर्यावरणसंकटासाठी जबाबदार धरलं. माणसाला सृष्टीचा मालक ठरवणारी वृत्ती तिथून आली, असा त्यांचा आरोप होता. तो चर्चला लागला, आणि बरं झालं लागला. त्यानंतर अनेकांनी बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक नव्याने वाचलं. पहिल्या अध्यायात पृथ्वी सत्तेखाली आणायला सांगितलं आहे, पण दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवलं आहे ते मशागत आणि राखण करायला. तिथल्या मूळ हिब्रू क्रियापदांपैकी एकाचा अर्थ सेवा करणं असाही होतो. बायबलच्याच ‘लेवीय’ या पुस्तकात सातव्या वर्षी जमिनीला विसावा आहे. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात वेढा पडलेल्या शहराची फळझाडं तोडायला मनाई आहे. म्हणजे मालकीऐवजी कारभारीपण. १९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मप्रमुख दिमित्रिओस यांनी १ सप्टेंबर हा दिवस सृष्टीसाठीच्या प्रार्थनेचा ठरवला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे पर्यावरणावरचं परिपत्रक आलं. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, ज्या दिवशी संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं मंजूर केली त्याच दिवशी, पोप तिथल्या आमसभेत बोलले.

पण परिपत्रकांनी झाड जगत नाही. झाड कशाने जगतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण इथिओपियाचं आहे.

उत्तर इथिओपियाच्या पठारावरचं मूळ जंगल शेती आणि चराईखाली जवळजवळ संपलंय. उपग्रहचित्रात सगळीकडे तपकिरी शेतं दिसतात आणि त्यात विखुरलेले हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक छप्पर असतं, बहुधा गोल. ते इथिओपियन ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्च. एकट्या दक्षिण गोंदर भागात अशी हजाराहून अधिक चर्चवनं आहेत, आणि बहुतेक काही हेक्टरांचीच. वन हे चर्चचं वस्त्र आहे, ते उतरवायचं नाही, ही तिथली धारणा. रानटी ऑलिव्ह, ज्युनिपर अशी झाडं, त्यांच्यावर जगणारे परागवाहक कीटक, पक्षी, कातळातून झिरपणारं पाणी, हे सगळं या ठिपक्यांत उरलंय. कोणत्याही वनखात्याने ते राखलेलं नाही, शेकडो वर्षं पुजाऱ्यांनी आणि गावाने राखलंय.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे आणि लोक इथेच थांबतात. खरा धडा पुढे आहे. अलेमायेहू वासिए हे तिथलेच वनशास्त्रज्ञ. त्यांनी चर्चवनांतली माती तपासली, तेव्हा दिसलं की बहुतेक वृक्षजातींचं बी मातीत टिकून राहतच नाही. म्हणजे उभी झाडं गेली, तर मातीतून जंगल परत उगवणार नाही. त्यात गुरं आत शिरून कोवळी रोपं खात होती. वरून जंगल दाट दिसत होतं, पण खाली पुढची पिढीच नव्हती. त्यांनी अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ मार्गारेट लोमन यांच्यासोबत पुजाऱ्यांना एकत्र बसवलं आणि उपग्रहचित्रं दाखवली. आपापली वनं कडेने झिजत चालल्याचं पुजाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. उपाय निघाला दगडी कुंपणाचा. शेतकऱ्यांनी शेतातले दगड वेचून आणले, चुना-सिमेंट न वापरता रचले, आणि वनाभोवती कंबरेएवढी भिंत उभी राहिली. दगड गेल्याने शेत मोकळं झालं, गुरं बाहेर राहिली, आत रोपं वर येऊ लागली.

यात श्रद्धेचा वाटा कुठला आणि विज्ञानाचा कुठला, ते बघा. श्रद्धेने शेकडो वर्षं कुऱ्हाड बाहेर ठेवली. पण गुरं हा धोका आहे हे श्रद्धेला दिसलं नव्हतं, ते मोजणीने दाखवलं. आणि मोजणीनंतर भिंत बांधायला माणसं आली ती पुजाऱ्याच्या शब्दावर. यातलं एक जरी काढलं, तरी काम अडतं. काही चर्चवनांच्या कडेने उत्पन्नासाठी निलगिरीही लावली गेलीय, म्हणजे पवित्र म्हटलं की आपोआप सुरक्षित असं अजिबात नाही.

आता तुमची दुसरी शंका. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला जैवविविधतेचा जागतिक आराखडा ठरला. त्यात २०३० पर्यंत जमीन आणि समुद्राचा ३० टक्के भाग संवर्धनाखाली आणायचं लक्ष्य आहे. ते फक्त राष्ट्रीय उद्यानांनी गाठायचं नाही. ज्या जागा मुळात वेगळ्या हेतूने राखल्या गेल्या, पण जिथे जैवविविधता प्रत्यक्षात टिकली, त्याही निकष पूर्ण केले तर मोजता येतात. अशा जागांची व्याख्या जैवविविधता कराराच्या सदस्यदेशांनी २०१८ मध्येच मान्य केली आहे. चर्चवन, मठाची जमीन, जुनी दफनभूमी या व्याख्येत बसू शकतात. एकेक ठिपका लहान असतो, पण ठिपक्यांमधलं अंतर पक्ष्याला ओलांडता येईल एवढं असलं, तर त्यांचं जाळं होतं. ‘चार-पाच हेक्टर’ म्हणून तुम्ही जे बाजूला सारताय, ते पुष्कळ ठिकाणी त्या भागातलं शेवटचं बियाणं असतं.

आणि काही कामं लहान राहिलेलीही नाहीत. टोनी रिनाउदो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ मिशनरी म्हणून नायजरमधल्या मरादी भागात गेले. सुरुवातीला ते रोपं लावत होते आणि बहुतेक मरत होती. १९८३ मध्ये एकदा रोपं भरलेली गाडी घेऊन जाताना वाळूत चाकांची हवा कमी करायला ते उतरले, आणि शेजारच्या झुडपाच्या पानांकडे त्यांचं लक्ष गेलं. ते झुडूप नव्हतंच. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून फुटलेले धुमारे होते. मुळं जमिनीत जिवंत होती, आणि शेतकरी दरवर्षी पेरणीआधी धुमारे साफ करत होते म्हणून झाड कधी वर येत नव्हतं. म्हणजे आजूबाजूच्या अख्ख्या माळाखाली जंगल दबून बसलं होतं. पद्धत अगदी साधी: बुंध्यावरचे दोन-चार जोमदार फुटवे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्या काढत राहायच्या. रोपवाटिका नको, पाणी घालणं नको. नायजरच्या दक्षिण भागात सुमारे ५० लाख हेक्टरांवर अशी झाडं उभी राहिली, आणि त्यांची संख्या २० कोटींच्या आसपास धरली जाते. सावली, सरपण, चारा आणि झाडांमुळे वाऱ्यापासून वाचलेलं पीक, हे सगळं त्यातून आलं. पुढे रिनाउदो वर्ल्ड व्हिजनमध्ये गेले. इथिओपियात हुंबो इथे २,७२८ हेक्टरांवर याच पद्धतीचा प्रकल्प झाला आणि हवामानबदलाविषयीच्या क्योटो कराराखालच्या स्वच्छ विकास यंत्रणेत नोंदला गेला. २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

यात दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. नायजरचे हे शेतकरी जवळजवळ सगळे मुस्लीम. पद्धत पसरली ती शेजाऱ्याचं शेत बघून, धर्म बदलून नाही. आणि दुसरी गोष्ट, जी माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे: रिनाउदो नायजरमध्ये सतरा-अठरा वर्षं राहिले. तीन वर्षांच्या प्रकल्पावर गेले असते, तर पद्धत सापडली तरी ती पसरवायला थांबले नसते.

माझ्या अनुभवातून या क्षेत्राचं जे खरं देणं मला वाटतं, ते हेच: मुक्काम. निधी संपतो, जीप परत जाते, पण मंडळी तिथेच असते. दर आठवड्याला भेटते. त्यांच्यात एखादा नवीन माणूस आला, तरी जुने त्याला सांगतात की वरच्या ओढ्यात जनावरं सोडायची नाहीत. एका डोंगराळ भागात मी झऱ्याच्या पुनरुज्जीवनाचं मूल्यमापन करत होते. प्रकल्पाच्या नोंदी निधीबरोबरच संपल्या होत्या. पण तिथल्या चर्चची राखण करणाऱ्या वृद्ध बाईंनी वर्गणीची वही पुढे केली आणि मागची पानं उघडली. दर रविवारी उपासनेआधी घागर भरायला किती वेळ लागतो, ते त्या लिहीत होत्या. पेन्सिलने, एकाखाली एक. मधले काही रविवार सुटलेले होते आणि तिथे त्यांनी ‘आजारी’ असं लिहिलं होतं. प्रकल्प संपल्यानंतरची ती अकरा वर्षांची नोंद होती. अशी मालिका मला एकाही महागड्या यंत्रातून मिळाली नव्हती. मी तिथेच बसून ती उतरवून घेतली. हात दुखले, पण एक रविवारही सोडला नाही.

मुक्कामाचं पैशांशी नीट गणित जमलं की काय होतं, ते केनियाच्या किनाऱ्यावर दिसतं. आराबुको-सोकोके हे पूर्व आफ्रिकेतल्या किनारी कोरड्या जंगलाचं सर्वांत मोठं उरलेलं क्षेत्र, सुमारे ४२० चौरस किलोमीटर. सोकोके स्कॉप्स हे घुबड तिथे आढळतं. भोवतालच्या गरीब कुटुंबांसाठी जंगल म्हणजे विकता येणारं लाकूड, आणि पैसा लागायचा तो बऱ्याचदा मुलांच्या माध्यमिक शाळेच्या फीसाठी. आ रोशा केनियाने २००१ मध्ये पर्यटनाचं उत्पन्न थेट या फीला जोडलं. मीडा खाडीतल्या खारफुटीत झुलता लाकडी मार्ग आणि पक्षी पाहायला आडोसा बांधला, आणि त्यातून शिष्यवृत्त्या दिल्या. गरिबी, शिक्षण आणि जंगल ही तीन उद्दिष्टं कागदावर वेगवेगळ्या क्रमांकांची असतात. त्या घरात ती एकच असतात.

घानात काम वेगळ्याच वाटेने गेलं. अटेवा जंगलातून देन्सू, बिरिम आणि आयेन्सू या तीन नद्या उगम पावतात, राजधानी अक्राच्या पाण्याचा एक भाग तिथून येतो, आणि जंगलाखाली बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, आहे. खाणीविरोधात आ रोशा घाना इतर संघटनांबरोबर २०२० मध्ये न्यायालयात गेली. संवर्धन म्हणजे फक्त रोपं लावणं असं समजून तिकडे जाणार असाल, तर हे लक्षात असू द्या. कधी कधी याची किंमत फार मोठी असते. फिलिपिन्समध्ये फादर नेरी सातूर यांना अवैध वृक्षतोडीवर लक्ष ठेवण्यासाठी मानद वनरक्षक नेमलं होतं. १९९१ मध्ये त्यांची हत्या झाली. ब्राझीलच्या पारा राज्यात सिस्टर डोरोथी स्टँग अमेझॉनच्या जंगलासाठी आणि तिथल्या भूमिहीनांसाठी उभ्या राहिल्या. १२ फेब्रुवारी २००५ रोजी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या ७३ वर्षांच्या होत्या. यांच्या कामाला मुलामा म्हणणं मला जमणार नाही.

आता दुसरी बाजू. वाईट कामही मी भरपूर पाहिलंय, आणि त्याचा एक ठरावीक नमुना आहे: एका दिवसाचं वृक्षारोपण. प्रवचन होतं, फोटो होतात, आकडा जाहीर होतो. एका मंडळीच्या अशा माळावर मी दोन वर्षांनी गेले होते. सुकलेलं एक रोप उपटून पाहिलं, तर मुळांभोवती काळी प्लास्टिकची पिशवी तशीच होती. मुळं आत गोल गोल फिरून गुदमरली होती. आणखी दहा-बारा रोपं उपटली, तीच गत. लावणाऱ्यांची श्रद्धा खोटी नव्हती, पण पिशवी फाडायची असते हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि नंतर कुणी फिरकलंही नव्हतं. अहवालात मात्र सगळी रोपं जिवंत होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण राबायला तयार असलेली इतकी माणसं एका साध्या गोष्टीसाठी फुकट गेली होती. दुसरा दोष याहून गंभीर आहे: लाभ फक्त आपल्या मंडळीला देणं. पाणलोटातलं पाणी धर्म बघून वाहत नाही. उतारावरचं अर्धं गाव वगळलं, तर वरचं अर्धं कामही वाया जातं. आणि जंगलाच्या फायद्यांच्या वाटपात असा भेद झाला, तर वगळलेले लोक रात्री कुऱ्हाड घेऊन येतात. मी तेही पाहिलंय.

यावरून तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर देते. धर्मप्रसाराचा हेतू लपवून काम करणाऱ्या संस्था आहेत, नाहीत असं मी म्हणणार नाही. पण त्या ओळखता येतात. जिथे मदतीला उपासनेची अट आहे, जिथे लाभार्थ्यांच्या यादीत एकाच समाजाची नावं आहेत, जिथे प्रजातींच्या नोंदी नाहीत पण सभांच्या उपस्थितीच्या नोंदी चोख आहेत, तिथे जाऊ नका. उलट जी संस्था आपली श्रद्धा उघड सांगते, तुम्हाला ती मान्य करायला लावत नाही आणि मोजणी दाखवते, तिच्यावर मी बिनदिक्कत विश्वास ठेवते. हेतू उघड असला की निदान त्यावर बोलता येतं.

मुलाखतीला जाल, तेव्हा ध्येयधोरणांबद्दल विचारू नका, ती सगळ्यांची सुंदर असतात. पाच वर्षांपूर्वी बंद झालेल्या एखाद्या प्रकल्पाची जागा दाखवाल का, असं विचारा. जगलेल्या रोपांची टक्केवारी कोण मोजतं, आणि ती लावणाऱ्या माणसापेक्षा वेगळ्या कुणी मोजलीय का, हे विचारा. त्यांची कच्ची माहिती दुसऱ्या शास्त्रज्ञांना खुली आहे का? लाभार्थी निवडणाऱ्या समितीत मंडळीबाहेरचे किती जण आहेत? रोजच्या प्रार्थनेला तुम्ही हजर नसलात तर चालेल का? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटेल, पण तो नक्की विचारा. चांगल्या संस्थेला त्याचा राग येत नाही. मी विचारला होता, तेव्हा समोरच्या बाईंनी ‘त्या वेळात तुम्ही जाळ्यातले पक्षी मोजा, सकाळची तीच वेळ असते’ असं सांगितलं होतं.

दोन वर्षं मात्र कमी आहेत. पहिलं वर्ष तर तिथली भाषा आणि झाडं ओळखण्यातच जाईल. शक्य असेल तर तीन वर्षांचं बोला, आणि नोंदी तुम्ही निघाल्यावर कोण ठेवणार, ते माणूस पहिल्याच महिन्यात शोधा. तुमच्या आधीपासून तिथे असलेलं, तुमच्यानंतरही राहणारं कुणीतरी. त्याला किंवा तिला एक वही आणि पेन्सिल द्या, आणि तुमच्या नोंदी त्याच वहीत करा.